शेफील्डची रिअल एल: नव्याने आलेल्यांनी सुरुवात कुठून करायची

शेफील्ड स्टेशनवर उतरलात की बॅगा ओढत लगेच बाहेर पडू नका. फलाट 1बीवर एक जुनं उपाहारगृह आहे. एडवर्डियन काळात पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी बांधलेलं, टाइल्सच्या भिंतींचं, उंच छताचं. पुढे कित्येक वर्षं ते पडीक होतं. 2009 मध्ये डागडुजी होऊन तिथे शेफील्ड टॅप नावाचा पब सुरू झाला. आत शिरा आणि आधी नुसता बार बघा. लांब दांड्यांचे हातपंप ओळीने उभे असतात आणि बारमागचं माणूस गावच्या हापशासारखा एकेक दांडा ओढून ग्लास भरत असतं. त्या दांड्यांतून येते ती रिअल एल, म्हणजे पिंपातच तयार होत राहणारी इथली पारंपरिक बिअर. उत्तर इंग्लंडमधल्या या शहरात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींना ती नीट भेटावी म्हणून हे लिहिते आहे.

'नीट' म्हणायला कारण आहे. मी नाशिकची. इथे आले त्या पहिल्याच महिन्यात ऑफिसातल्या लोकांबरोबर एका पबमध्ये गेले आणि कोणीतरी कौतुकाने इथली एल हातात दिली. आंबट, कोमट, मरगळलेली. सगळे पीत होते म्हणून मीही निम्मी प्यायले आणि मनाशी ठरवलं की हे आपलं पेय नाही. पुढची दोन वर्षं मी पबमध्ये फक्त सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, घेत होते. मग एका मैत्रिणीने केलम आयलंड या शहरातल्याच भागात नेलं, तिथे एक साधी फिकट एल प्यायले आणि लक्षात आलं की तो पहिला पाइंट (मोठा ग्लास) चक्क खराब झालेला होता. दोष एलचा नव्हता, पिंप सांभाळणाऱ्याचा होता. माझी दोन वर्षं गेली, तुमची जाऊ नयेत. एल आवडते की नाही हे ठरवण्याआधी ती चांगल्या तळघरातली प्या.

आधी हे समजून घ्या: पिंपात अजून काम चालू असतं

आपल्याकडे दुकानात मिळते ती बिअर कारखान्यातच पूर्ण होते. ती गाळतात, बहुतेक वेळा तापवून तिच्यातलं यीस्ट मारतात आणि वायू भरून बाटलीत बंद करतात. रिअल एलचं तसं नाही. ती ब्रुअरीतून निघते तेव्हा पिंपात जिवंत यीस्ट असतं आणि शेवटचं आंबणं पबच्या तळघरात होतं. रात्रभर ठेवलेलं इडलीचं पीठ सकाळी फुगून वर आलेलं असतं, तसंच काहीसं. पीठ दळून देणारा कितीही चांगला असला तरी ते किती वेळ ठेवायचं, कुठे ठेवायचं हे घरच्यांनाच बघावं लागतं. इथे घरचे म्हणजे पबवाले.

एकदा नीपसेंडकडच्या एका पबवाल्याने मला तळघर दाखवलं. अरुंद जिना, चुन्याने रंगवलेल्या भिंती, ओली फरशी, भाकरीच्या पिठासारखा वास. लाकडी चौकटीवर पिंपं आडवी झोपवलेली. प्रत्येकाच्या पोटावर वरच्या बाजूला एक भोक आणि त्यात बांबूची बारीक खुंटी. तिला स्पाइल म्हणतात. बांबू सच्छिद्र असल्यामुळे आतला वायू त्यातून हळूहळू निघून जातो. त्याने एका खुंटीवरचा फेस बोटाने पुसला आणि म्हणाला, "बघ." तीन-चार सेकंदांत पुन्हा बुडबुडे आले. "अजून काम चालू आहे. उद्या नाही, परवा लावीन." शेजारच्या पिंपावरचा फेस पुसला तर तो परत आलाच नाही. त्या पिंपाला त्याने बांबूची खुंटी काढून कडक लाकडाची ठोकली, म्हणजे उरलेला वायू आतच राहील. मोजमापाचं कुठलंही यंत्र नाही, नुसतं बोट आणि अनुभव. आजी पाकात बोट बुडवून तार बघायची, ते आठवलं.

तळघराचं तापमान 11 ते 13 अंश सेल्सिअस ठेवतात. 'इंग्लंडमध्ये बिअर कोमट देतात' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण चांगल्या पबात ती माठातल्या पाण्यासारखी लागते. गार, पण दात न शिवशिवणारी. फ्रीजमधल्या पाण्याची सवय झालेल्याला माठाचं पाणी पहिल्या घोटाला कमी गार वाटतं, पण तहान भागते ती त्यानेच. शिवाय फार गार केली की एलची अर्धी चव लपते.

आता पबच्या निवडीशी थेट संबंध असलेला मुद्दा. इथलं नेहमीचं पिंप 9 गॅलनचं असतं, त्याला फर्किन म्हणतात. साधारण 41 लिटर, म्हणजे 72 पाइंट. पिंपातून एल काढली की तिची जागा हवा घेते आणि हवा लागली की एल उतरायला लागते. त्यामुळे एकदा लावलेलं पिंप तीनेक दिवसांत संपायला हवं. 72 पाइंट तीन दिवसांत खपतील एवढी गिऱ्हाइकं आहेत का, हा प्रश्न प्रत्येक हातपंपाला लागू होतो. रिकाम्या पबमध्ये दहा हातपंप दिसले तर मी बिचकते. भरलेल्या पबमध्ये तीनच असले तरी निर्धास्त मागवते.

पब निवडणं: केलम आयलंडपासून सुरुवात करा

शेफील्ड टॅपमध्ये एक हाफ, म्हणजे अर्धा पाइंट, पिऊन झाला की ट्रामने शेल्समूर थांब्यावर उतरा. तिथून पाच-दहा मिनिटं चालत केलम आयलंड. हे बेट माणसाने केलेलं आहे. गिरण्यांसाठी डॉन नदीतून पाट काढला, त्यामुळे मधली जमीन वेगळी झाली. एके काळी इथे पोलादाचे कारखाने आणि भट्ट्या होत्या. इथल्या संग्रहालयात 1905 चं, 12,000 अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन ठेवलेलं आहे. आधी ते बघून या. त्या भट्ट्यांपुढे दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसांसाठी इथली बिअर बनत होती. डोक्यात न जाणारी, तहान भागवणारी, पाळी संपल्यावर दोन ग्लास पिऊन घरी जाता येईल अशी. इथल्या लोकांना आजही चार टक्क्यांच्या आसपासची एल प्रिय आहे, तिचं मूळ मला तिथे दिसतं.

त्याच भागात आल्मा स्ट्रीटवर फॅट कॅट आहे. 1981 मध्ये डेव्ह विकेट यांनी भागीदारासह हा पब लिलावात घेतला. तेव्हा शहरातले बहुतेक पब मोठ्या ब्रुअरींच्या ताब्यात होते आणि मालक ब्रुअरी देईल तेच विकायचे. फॅट कॅटने लहान, स्वतंत्र ब्रुअरींच्या एल ठेवायला सुरुवात केली. 1990 मध्ये पबच्या शेजारीच त्यांनी केलम आयलंड ब्रुअरी काढली. त्याच दशकात शहरातल्या जुन्या मोठ्या ब्रुअरीज एकामागून एक बंद पडत गेल्या. वॉर्ड्स ब्रुअरी आणि स्टोन्स ही बिअर बनवणारी कॅनन ब्रुअरी, दोन्ही 1999 मध्ये गेल्या. आणि ही पबच्या अंगणात जन्मलेली छोटी ब्रुअरी टिकली. 2004 मध्ये तिच्या पेल रायडर या 5.2 टक्क्यांच्या फिकट एलला कॅम्रा या ग्राहकांच्या संघटनेचा ब्रिटनमधल्या सर्वोत्तम बिअरचा किताब मिळाला. विकेट 2012 मध्ये वारले. 2022 मध्ये ब्रुअरीही बंद पडली तेव्हा शहराला खरंच वाईट वाटलं होतं. पेल रायडर मात्र वाचली, आता ती थॉर्नब्रिज ब्रुअरी बनवते. कुठे दिसली तर एक हाफ घ्याच.

कॅम्रा हे नाव इथे सतत कानावर पडेल. 1971 मध्ये चार मित्रांनी सुरू केलेली ही ग्राहकांची चळवळ. मोठ्या कंपन्या पिंपातली एल बंद करून वायू भरलेली कारखानी बिअर सगळीकडे लावत होत्या, त्याविरुद्ध ती उभी राहिली. 'रिअल एल' हा शब्द रुळवला तोही तिनेच. तिची 'गुड बिअर गाइड' ही पबची यादी दरवर्षी निघते. पबच्या दारावर किंवा भिंतीवर तिचे स्टिकर आणि प्रशस्तिपत्रं दिसतात. त्यांच्यावरचं साल बघा. पंधरा वर्षांपूर्वीचं प्रशस्तिपत्र आजच्या तळघराबद्दल काही सांगत नाही.

फॅट कॅटपासून काही पावलांवर केलम आयलंड टॅव्हर्न. हा पब कॅम्राच्या राष्ट्रीय स्पर्धेत 2008 आणि 2009 अशी लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम ठरला. तिथून नदीच्या बाजूने नीपसेंडकडे चालत गेलात तर गार्डनर्स रेस्ट लागेल. तो आता आसपासच्या लोकांनी शेअर घेऊन एकत्र मालकीचा केला आहे, मागच्या अंगणातून डॉन नदी दिसते. जिब्राल्टर स्ट्रीटवरचं शेक्सपिअर्सही मला आवडतं. वॉकलीतल्या ब्लेक हॉटेलला जायचं तर उलट बाजूने, सपाटीवरून जा. ब्लेक स्ट्रीटचा चढ इतका उभा आहे की पादचाऱ्यांसाठी रेलिंग लावलेलं आहे. पावसात तिथून उतरताना जपून.

हे सगळे पब एका संध्याकाळी करायला जाऊ नका. दोन पुरेत. बुधवार-गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला जावं असं माझं मत. गर्दी बेताची असते आणि बारमागच्या माणसाला तुमच्याशी दोन वाक्यं बोलायला सवड असते. शनिवारी रात्री ती मिळत नाही. निघण्याआधी पबची वेळ बघून घ्या, कारण सोमवार-मंगळवारी बरेच लहान पब बंद असतात किंवा उशिरा उघडतात.

बारपाशी

टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, कोणी येणार नाही. उठून बारपाशी जायचं, तिथेच मागायचं, तिथेच पैसे द्यायचे आणि ग्लास आपणच उचलून न्यायचा. रांग दिसत नाही, पण असते. तुमच्या आधी कोण आलं होतं ते ध्यानात ठेवा. चुकून तुम्हाला आधी विचारलं तर शेजारच्याकडे हात करून "यांचा नंबर आहे" एवढं सांगा. हे केलंत की आसपासच्या चार माणसांच्या मनात तुम्ही त्या संध्याकाळपुरते घरचे होता. नोट हलवणं, चुटकी वाजवणं, हाका मारणं अजिबात नको.

बारमागचं माणूस तुम्हाला 'लव्ह' म्हणेल. शेफील्डात ही साधी बोलायची रीत आहे, पुरुषही पुरुषांना म्हणतात. आपल्याकडे भाजीवाली कोणालाही 'बाळा' म्हणते, तितकंच.

वय 18 लागतं, पण तुम्ही पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतील. रागावू नका, विचारणं त्यांना भाग असतं. मूळ पासपोर्ट रोज खिशात बाळगणं मला धोक्याचं वाटतं. इथलं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा वयाचा दाखला म्हणून चालणारं पास कार्ड काढून ठेवा.

आता दांड्यांवरच्या पाट्या वाचा. प्रत्येकीवर एलचं नाव, ब्रुअरी आणि अल्कोहोलची टक्केवारी असते. पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती एल संपली आहे. पुन्हा पुन्हा जाल तशा या पाट्या ओळखीच्या होतात, पण पहिल्या दिवशी सगळंच अनोळखी असतं. तेव्हा सरळ विचारा, "मी नवी आहे, हलकी आणि फिकट काय आहे?" आणि चवीपुरती थोडी मागा. चांगल्या पबात घोटभर एल लहान ग्लासात फुकट देतात आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. दोन-तीन चवी घ्या, मग ठरवा. मागे गर्दी असेल तर एकीवर थांबा.

पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर. सुरुवातीला हाफ मागा, 284 मिलिलिटर. आपल्या मुलांना हाफ मागायला संकोच वाटतो हे मी बघितलंय. तो सोडा. इथले सर्वांत जाणते लोक हाफच पितात, कारण त्यांना एका संध्याकाळी चार वेगळ्या एल चाखायच्या असतात. काही ठिकाणी तिसरा हिस्साही मिळतो. जास्त टक्क्यांच्या एलला तो उत्तम.

ग्लास भरताना हातपंपाच्या नळीच्या टोकाला बारीक भोकांची एक टोपी दिसेल. तिला स्पार्कलर म्हणतात. तिच्यातून एल जोरात ढवळून निघते आणि वर सायीसारखा घट्ट फेस येतो. उत्तर इंग्लंडला असा फेस लागतोच. दक्षिणेकडे टोपी काढून देतात, तिथली एल वरून सपाट दिसते. दोन्हीकडची मंडळी आपलंच खरं म्हणतात. मला इथला फेस आवडतो. पण फेसच जास्त आणि एल कमी असेल तर "थोडी वर भराल का?" म्हणून ग्लास पुढे करा, हसत भरून देतात.

टीप देण्याची पद्धत नाही. चारजण मिळून गेलात तर राउंडची रीत पाळा, म्हणजे एकाने सगळ्यांचं आणायचं आणि पुढच्या वेळी दुसऱ्याने. तुम्ही एकच पिणार असाल तर आधीच सांगा, "मी राउंडमध्ये नाही, माझं मी घेईन." त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. दुसऱ्यांच्या पैशाने पिऊन स्वतःची पाळी आल्यावर कोट घालणाऱ्याला मात्र हे लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

काय मागवायचं

पहिली एल चार टक्क्यांच्या आसपासची, फिकट असू द्या. शेफील्डमध्ये त्यासाठी फार शोधावं लागत नाही. अ‍ॅबीडेल ब्रुअरी 1996 मध्ये सुरू झाली, तिची मूनशाइन (4.3 टक्के) शहरभर मिळते. फिकट सोनेरी, वासाला फळांची, शेवटी बेताची कडू. दुसरी ब्रॅडफील्ड ब्रुअरीची फार्मर्स ब्लाँड, 4 टक्के. ही ब्रुअरी 2005 मध्ये शहराबाहेर डोंगराच्या कुशीत, एका दुभत्या गाईंच्या शेतावर निघाली. या दोन्हींपैकी एक आवडली नाही असं म्हणणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला बिटर घ्या. तांबूस रंग, भाजलेल्या बार्लीची बिस्किटासारखी चव. मग माइल्ड, ती बहुतेक वेळा काळसर आणि सौम्य असते. त्यानंतर पोर्टर किंवा स्टाउट. काळ्या कॉफीची आणि कडू चॉकलेटची आवड असलेल्यांनी उलट इथूनच सुरुवात करावी, कारण भाजलेल्या दाण्याची ती चव आपल्या जिभेला ओळखीची असते. एका संध्याकाळी क्रम मात्र हलक्यापासून जडापर्यंत ठेवा. आधी स्टाउट घेतलीत तर नंतरची फिकट एल पाण्यासारखी लागेल.

आयपीए (इंडिया पेल एल) या नावातच इंडिया आहे, म्हणून आपल्या लोकांचा हात आधी तिकडे जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला पिंपांतून फिकट एल जहाजाने जायची, त्यातून हे नाव आलं. आजची आयपीए बरीच वेगळी आहे, हॉप्सच्या फुलांचा कडूपणा आणि वास तिच्यात पुढे असतो. बेकवेलजवळच्या थॉर्नब्रिजची जयपूर 2005 पासून बनते आणि ती खरोखर सुंदर आहे. मधासारखी सुरुवात, मग संत्र्याच्या सालीचा वास आणि लांब रेंगाळणारा कडूपणा. पण ती 5.9 टक्क्यांची आहे आणि पिताना तेवढी वाटत नाही. तिचा हाफच घ्या आणि तोही शेवटी.

थॉर्नब्रिजबद्दल आणखी एक गोष्ट. बर्टन शहरात एके काळी ओकच्या पिंपांची रांग एकमेकांना जोडून त्यात एल आंबवत असत, त्याला बर्टन युनियन म्हणतात. ती पद्धत जवळजवळ संपली होती. 2024 मध्ये बर्टनच्या मार्स्टन्स ब्रुअरीकडचा असा एक संच थॉर्नब्रिजने आपल्याकडे आणून पुन्हा चालू केला. जुनी उपकरणं संग्रहालयात ठेवणं सोपं असतं, त्यांत रोजचं काम करणं अवघड. त्या संचात आंबवलेली एल कुठल्या पाटीवर दिसली तर चुकवू नका.

पिताना घाई नको. आधी वास घ्या. पहिला घोट जिभेवर थोडा थांबू द्या. निम्मा ग्लास झाल्यावर एल किंचित तापते आणि तिची चव उघडते. म्हणून पहिल्या घोटावर निकाल देऊ नका.

खराब निघाली तर

तो माझा पहिला पाइंट मी परत द्यायला हवा होता, पण तसं करता येतं हेच ठाऊक नव्हतं. येतं. चव अशी आली तर एल बिघडलेली आहे असं समजा: व्हिनेगरसारखी आंबट, ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी, किंवा फिकट एलला लोण्याचा ठसठशीत वास. गढूळ आणि त्यातच आंबट असेल तर शंकाच नको. नुसती गढूळ असेल तर आधी विचारा, काही एल मुद्दाम तशा बनवलेल्या असतात.

दोन-तीन घोटांच्या आत ग्लास बारवर न्या. आवाज न चढवता म्हणा, "ही थोडी उतरलीय असं वाटतंय, बघता का?" चांगला पबवाला स्वतः थोडी चाखतो, बदलून देतो आणि पाटी उलटी करतो. पिंपाच्या तळाशी गाळ असतो, शेवटचे काही ग्लास तसे निघतात, त्यांनाही ते माहीत असतं. पाऊण ग्लास संपवून तक्रार करू नका आणि 'मला आवडली नाही' हे कारण देऊ नका. तेवढ्यासाठीच आधी घोटभर चव घ्यायची असते. वाद घालणारा पब भेटलाच तर पैसे सोडा आणि तिथे पुन्हा जाऊ नका.

शाकाहारी असाल तर हे जरूर वाचा

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो. पिंपातली एल निवळण्यासाठी तसंच एक द्रव्य घालतात. ते पूर्वापार माशाच्या हवेच्या पिशवीपासून करतात आणि त्याला आयसिंग्लास म्हणतात. ते गाळाबरोबर तळाशी बसतं, ग्लासात जवळपास काही येत नाही. पण ज्यांना चालत नाही त्यांना ते माहीत असायला हवं, आणि हे आपण होऊन कोणी सांगत नाही. बारवर विचारा, "ही अनफाइंड आहे का? व्हीगन आहे का?" अनफाइंड म्हणजे ते द्रव्य न घातलेली. आता कितीतरी छोट्या ब्रुअरीज ते द्रव्य वापरत नाहीत आणि पाटीवर तसं लिहितात. अशी एल जराशी धूसर दिसते, ते चांगलंच. 'मिल्क स्टाउट'मध्ये दुधातली साखर असते हेही ध्यानात ठेवा.

खायला मागवताना पोर्क स्क्रॅचिंग्ज म्हणजे तळलेली डुकराची कातडी आणि पोर्क पाय म्हणजे मैद्याच्या जाड पारीत डुकराचं मांस भरून भाजलेला पदार्थ, हे ओळखून असा. टेबलावर नारिंगी लेबलाची हेंडरसन्स रेलिश दिसेल. शेफील्डमध्ये 1885 पासून बनणारा हा पातळ, काळा सॉस. त्यात मासे नाहीत, आणि चिंच आहे! लवंग आणि तिखटही आहे. बटाट्याच्या जाड चिप्सवर तो शिंपडून खाल्लात की परगावी असल्याचं थोडं विसरायला होतं.

किती प्यायची

पोटात काहीतरी घालून जा. दर हाफमागे एक ग्लास पाणी प्या. इंग्लंडमध्ये दारू विकणाऱ्या जागांना नळाचं पाणी मागितल्यावर फुकट द्यावंच लागतं. इथे अल्कोहोल युनिटमध्ये मोजतात, एक युनिट म्हणजे 10 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. 4 टक्क्यांच्या पाइंटमध्ये ते सुमारे 2.3 असतात आणि जयपूरच्या पाइंटमध्ये सुमारे 3.4. सरकारी आरोग्यसल्ला आठवड्याला 14 पेक्षा जास्त नको असा आहे, तोही काही दिवसांत विभागून. म्हणजे आठवड्याला साध्या एलचे सहा पाइंट झाले की वही मिटायची. गाडी चालवायची असेल तर अजिबात पिऊ नका, या शहरात ट्राम आणि बस आहेत. चालू औषधं असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि प्यायची नसेल तर पिऊ नका, पण पबला जरूर जा. लाइम-सोडा मागवून दोन तास बसलेल्याला कोणी काही विचारत नाही. नव्या शहरात ओळखी व्हायला याहून चांगली जागा मला सापडली नाही. एकट्या मुलींनाही हेच सांगेन. मी आजही एकटी जाते. संध्याकाळी, पुस्तक घेऊन, बारच्या जवळच्या टेबलावर. ग्लास टेबलावर सोडून उठू नका. कोणी नकोसं बोलायला लागलं तर सरळ बारमागच्या माणसाला सांगा. लहान पबात त्यांचं लक्ष असतंच.

अशाच एका संध्याकाळी शेजारच्या आजोबांनी आपल्या एका मित्राबद्दल सांगताना म्हटलं, "तो पार दुलॅली झालाय." म्हणजे डोकं फिरलंय. मी म्हटलं, "आजोबा, ते माझ्या गावाशेजारचं नाव आहे." नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी परतणारे गोरे सैनिक जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने अडकून पडायचे. त्या उकाड्यात आणि रिकामपणात होणाऱ्या वेडाला ते 'दुलॅली टॅप' म्हणत, देवळालीचा ताप. आजोबांनी आयुष्यभर हा शब्द वापरला होता आणि देवळाली खरोखर कुठेतरी आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी मला कागदावर नाव लिहायला लावलं. पुण्यात 2009 मध्ये निघालेल्या डूलाली या छोट्या ब्रुअरीच्या नावामागेही तोच शब्द आहे, हेही सांगितलं. मग बिटर सोडून माइल्ड का प्यावी यावर त्यांनी मला अर्धा तास शिकवलं आणि त्यांचं बरोबर होतं.

दोन-तीन महिने झाले की

कोणत्या पबात कोणती एल चांगली लागली हे लिहून ठेवा. नाव, तारीख, दोन शब्द. दहा-बारा नोंदींनंतर तुमची आवड तुम्हालाच दिसू लागते, आणि कुठलं तळघर कायम भरवशाचं आहे तेही. मग ब्रुअरीच्या आवारातल्या टॅपरूमना जा. तिथे बनवणारी माणसंच बऱ्याचदा बारमागे असतात आणि मनापासून विचारलेल्या प्रश्नाला लांबलचक उत्तर देतात. कॅम्राच्या स्थानिक शाखेचा स्टील सिटी बिअर महोत्सव साधारण ऑक्टोबरच्या सुमाराला केलम आयलंडच्या संग्रहालयात भरतो, त्याच्या तारखा बघून ठेवा. स्वयंसेवक लागतात, आणि आठ तास पिंपांजवळ उभं राहून जेवढं शिकता येतं तेवढं वाचून येत नाही.

हे पब आणि या ब्रुअरीज टिकवायच्या तर तिथे जायला हवं. 2002 मध्ये सरकारने छोट्या ब्रुअरींना करात सवलत दिली आणि देशभर शेकडो नव्या निघाल्या. गेल्या काही वर्षांत वीज, बार्ली आणि भाडं महागल्यावर त्यातल्या कितीतरी बंद पडल्या. सुपरमार्केटमधले चार स्वस्त डबे घरी आणून पिण्यापेक्षा पबमध्ये एकच चांगला पाइंट प्यावा, असं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

रात्री घंटा वाजेल. पहिली घंटा म्हणजे शेवटचं मागवून घ्या. दुसरी म्हणजे विक्री बंद, हातातलं संपवा. ट्रामची वेळ बघा, कोट घाला आणि रिकामा ग्लास टेबलावर न ठेवता बारवर नेऊन द्या. "ता, लव्ह," म्हणजे थँक यू, असं ऐकू येईल. तुम्हीही म्हणा.